गझलेची मैफल आणि गिटारचा पिकअप



अमरावती हे गझलकार सुरेश भटांचं जन्मगाव, आणि गझलगायक भीमराव पांचाळेंचं आष्टगावही याच जिल्ह्यातलं. त्यामुळे गझलेची मैफल आपल्याकडे पाहुणी नाही. भूपिंदर सिंगांनी गझलेत गिटार रुळवली, तेव्हापासून तबला-हार्मोनियमच्या शेजारी गिटारवाला बसलेला कुणाला खटकतही नाही. आज बोलायचंय ते त्या गिटारच्या तारांखाली बसवलेल्या पिकअपबद्दल. जुन्या धाटणीचा चांगला की नव्या, हा वाद वादकांमध्ये रंगतो आणि बहुतेक वेळा चुकीच्या मुद्द्यावर रंगतो.

मी बोलतोय ती गिटार धड पोकळ नाही आणि धड भरीवही नाही. अंग जेमतेम पावणेदोन इंच जाड, वर इंग्रजी एफच्या आकाराची दोन भोकं, आणि आत मधोमध मेपलच्या लाकडाचा ठोकळा. १९५८ साली गिब्सन कंपनीनं ईएस-३३५ या नावानं ती बाजारात आणली. ठोकळा अशासाठी, की पूर्ण पोकळ गिटार मोठ्या स्पीकरपुढे नेली की तिचं अंगच घुमायला लागतं आणि फीडबॅक सुरू होतो. ठोकळ्यानं तो आवरला, पण पुरता गेला नाही. ब्लूज गिटारवादक बी. बी. किंग तर एफच्या भोकांत कापड कोंबायचे. ते आपल्या गिटारला ‘ल्युसिल’ म्हणत; पुढे १९८० साली त्याच नावानं गिटार निघाली, तिला भोकंच ठेवली नाहीत.

आता पिकअप. चुंबक आणि त्याच्याभोवती तांब्याच्या तारेचे वेढे, एवढाच मामला. पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज उमटते. पण तेच वेढे घरच्या विजेची ५० हर्ट्झची घरघरही इमानेइतबारे पकडतात. नवरात्रातल्या मंडपात एकाच बोर्डावर ट्यूबलाइट, डिमर आणि अँप्लिफायर लावलेले असतात, बाहेर जनरेटर चालू असतो. अशा वेळी साउंडवाला विचारतोच, “भाऊ, काहून घुमून राह्यली तुमची गिटार?”

यावर उपाय काढला गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी. शेजारी शेजारी दोन कॉइल, दोन्हींचे वेढे उलट दिशेनं आणि चुंबकाची टोकंही उलट. घरघर दोन्हींत एकमेकींविरुद्ध येते, म्हणून वजा होते. तारेचा सूर मात्र दोन्हींत एकाच बाजूनं येतो, त्याची बेरीज होते. याचं नाव हमबकर. पेटंटचा अर्ज १९५५चा, पेटंट मिळालं १९५९ साली. तरी १९६२पर्यंत पिकअपच्या पाठीवर ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ अशीच चिठ्ठी चिकटवली जात होती. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांना पीएएफ म्हणतात. पुढे चिठ्ठीवर क्रमांक आला, तोही भलत्याच पेटंटचा, तारा अडकवायच्या पट्टीचा! अशी अस्सल जोडी आज लाखोंच्या भावानं विकली जाते.

तिच्यात एवढं काय आहे? प्रत्येक कॉइलला साधारण पाच हजार वेढे. तार ४२ गेजची, म्हणजे डोक्याच्या केसाएवढी. खाली अल्निकोचा चुंबक, अर्थात अ‍ॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्टच्या मिश्रधातूचा. वेढे मोजणारं यंत्र काटेकोर नव्हतं, त्यामुळे दोन कॉइल क्वचितच सारख्या भरत. मीटर लावला तर कुठे साडेसात किलोओम, कुठे साडेआठ. या कमी-जास्तपणामुळे थोडी घरघर राहते खरी, पण आवाजाला धारही येते.

नव्या धाटणीची सुरुवात म्हणून १९७२च्या डिमार्झिओ कंपनीच्या सुपर डिस्टॉर्शन पिकअपकडे बोट दाखवतात. सिरॅमिक चुंबक, वेढे जास्त, मीटरवर १३ किलोओमच्या आसपास. रॉकसाठी झकास. पण वेढे वाढले की वरचे स्वर बोथट होतात. जुन्या पद्धतीच्या पिकअपला साधी केबल लावली, तर त्याचा जोर तीन हजार हर्ट्झच्या आसपास असतो. जोरकस पिकअपमध्ये तो सव्वादोन हजारांकडे उतरतो आणि मधले स्वर फुगतात.

गझलेत हेच नडतं. अमरावतीच्या संत ज्ञानेश्वर सांस्कृतिक भवनात किंवा अकोल्याच्या प्रमिलाताई ओक सभागृहात श्रोता काफियाची, म्हणजे यमकाच्या शब्दाची, वाट पाहत बसलेला असतो. ऐन त्या शब्दावर गिटारचे फुगलेले मधले स्वर गायकाच्या आवाजावर बसले, तर दाद जाते. म्हणून माझा कौल कमी वेढ्यांच्या पिकअपला. पोकळ लाकडासाठी पैसे मोजायचे आणि त्यावर लाकडाचा आवाज बुजवणारा पिकअप चढवायचा, हे मला पटत नाही.

मात्र वयाला मी काही किंमत देत नाही. जुना चुंबक मुरतो वगैरे ऐकायला छान वाटतं, पण अल्निकोचं चुंबकत्व वर्षानुवर्षं टिकतं. फरक आहे तो कृतीत, आणि ती कृती आजही करता येते. जुन्यांचा एक दोषही आहे. त्यांत मेण नसे. कॉइलची तार सैल असली की ती स्वतःच थरथरते आणि मोठ्या आवाजाला पिकअप शिट्टी मारतो. आता पॅराफिन आणि थोडं मधमाशीचं मेण वितळवून त्यात पिकअप बुडवतात आणि हवेचे बुडबुडे थांबेपर्यंत ठेवतात. काही शौकिनांना त्यानं आवाज मेल्यासारखा वाटतो. त्यांनी बैठकीत बिनमेणाचा वाजवावा. ऑर्केस्ट्रात, ड्रमसेटच्या बाजूला, मॉनिटरसमोर बसणाऱ्यानं मेणाचाच घ्यावा. कृती जुनी आणि मेण नवं, ही जोडी मी निवडीन.

पण खर्च करण्याआधी पिकअपच्या दोन्ही बाजूंचे स्क्रू फिरवून बघा. मानेकडचा पिकअप थोडा खाली घेतला की पुष्कळदा आवाज तेवढ्यानंच मोकळा होतो.

नाहीच भागलं आणि बदलायचा ठरला, तर या गिटारला बहुधा मागून झाकण नसतं, हे ध्यानात ठेवा. सगळं वायरिंग एफच्या भोकातून बाहेर काढावं लागतं. व्हॉल्यूम आणि टोनच्या प्रत्येक पॉटच्या, म्हणजे फिरवायच्या बटणाखालच्या भागाच्या, दांडीला आधी मजबूत दोरा बांधा, मगच तो आत ढकला. डाग देऊन झाला की त्याच दोऱ्यानं पॉट ओढून भोकात आणायचा. मध्येच दोरा सुटला, तर दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा आणि लांब चिमटा घेऊन बसा, आणि त्या संध्याकाळी दुसरं काही काम ठेवू नका.