प्रेक्षकाला कुठे उभं करायचं?



दृश्यमाध्यमं शिकवणाऱ्यांच्या या परिषदेत आज मला बोलायचं आहे ते शेजारच्या दालनात मांडलेल्या कामांबद्दल, म्हणजे आपल्या विद्यार्थ्यांनी हिप-हॉप गाण्यांवर केलेल्या व्हीआर व्हिडिओंबद्दल.

सकाळी ते सगळे पाहिले. मुलांच्या हातातली तयारी पाहून मन भरून आलं. पण बऱ्याच कामांत रॅपर गातो आपल्या वस्तीबद्दल आणि हेडसेट चढवला की आपण उभे असतो निऑन दिव्यांच्या एका बिननावाच्या रस्त्यावर. तो रस्ता विद्यार्थ्यांनी उभारलेला नसतो. तयार मॉडेलांच्या बाजारातून उतरवून घेतलेला असतो. याला माझी स्पष्ट हरकत आहे.

हिप-हॉपची जन्मकथाच मुळी एका पत्त्यावरून सांगतात: 11 ऑगस्ट 1973, न्यूयॉर्कचं ब्रॉंक्स, 1520 सेजविक अव्हेन्यू, डीजे कूल हर्कची पार्टी. आपल्याकडे 2014 साली कुर्ल्याच्या नेझी या रॅपरने ‘आफत’ हे गाणं आयपॅडवर रेकॉर्ड केलं आणि त्याच आयपॅडवर चित्रितही केलं. साधन तुटपुंजं होतं, गल्ली खरी होती. पुढच्याच वर्षी रॅपर डिवाइन आणि नेझीचं ‘मेरे गली में’ आलं. या गाण्यांमधून त्यांची वस्ती काढून घेतली, तर फार थोडं उरतं.

व्हीआरमध्ये तर जागा लपवताच येत नाही. साध्या कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर काहीही खपून जातं. 360 अंशांच्या कॅमेऱ्याला पाठच नसते. दोन फिशआय लेन्स, प्रत्येक लेन्स अर्ध्याहून अधिक परिसर टिपते आणि मग सॉफ्टवेअर दोन्ही चित्रं जोडतं. शॉट चालू असताना दिग्दर्शकालाही भिंतीआड जावं लागतं. जोडाच्या रेषेवर रॅपर फार जवळ आला, तर त्याचा चेहरा दुभंगतो. आणि दर मात्रेला कट मारायची आपली सवय इथे घातक ठरते. मिनिटाला नव्वद मात्रांचं गाणं धरा: सेकंद पुरा व्हायच्या आत प्रेक्षक नव्या ठिकाणी फेकला जातो, डोकं गरगरतं. निदान आठ बार (एका बारात चार मात्रा) तरी शॉट टिकू द्या, म्हणजे वीसेक सेकंद. तेवढ्यात माणूस आजूबाजूला बघायला लागतो.

दालनातल्या एका कामाने हे फार सुंदर साधलं आहे. ते एका सायफरचं चित्रण आहे: सायफरमध्ये रॅपर गोल करून उभे राहतात, एकाचं संपलं की दुसरा उचलतो. या मुलांनी कॅमेरा त्या गोलाच्या मधोमध, डोळ्यांच्या उंचीवर ठेवला. पाठीमागून आवाज आला की आपण आपोआप वळतो. वळताना पत्र्याच्या भिंती दिसतात, निळी ताडपत्री, पाण्याची पिंपं, आणि उंबऱ्याशी भांडी घासणारी एक बाई. तिचा हात मध्येच थांबतो, ती ऐकते, पुन्हा घासायला लागते. गाण्यात तिच्याबद्दल एक शब्द नाही. दुसऱ्यांदा पाहताना मी पूर्ण वेळ तिच्याकडेच बघत होतो. नेहमीच्या व्हिडिओत एडिटिंगमध्ये सगळ्यात आधी तिलाच कात्री लागली असती.

ज्यांना संगणकातच वस्ती उभारायची आहे, त्यांनाही तयार मॉडेलांची गरज नाही. मोबाइलवर फोटो काढत जा, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा अर्ध्याहून जास्त भाग येऊ द्या. फोटोग्रामेट्रीने, म्हणजे अशा फोटोंवरून थ्रीडी मॉडेल बांधण्याच्या तंत्राने, भिंत उभी राहते. स्टीलचे हंडे, काच, पाणी असं चकाकणारं सगळं मात्र मॉडेलमध्ये वितळल्यासारखं येतं. ते ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये हाताने घडवावं लागतं, आणि त्यासाठी हंड्याला पोचे कुठे आहेत, हे नीट बघावं लागतं. हे बघणं मला अभ्यासक्रमात हवं आहे. सॉफ्टवेअर मुलं आपलं आपण शिकतात.

त्या भांडी घासणाऱ्या बाईंना विचारलं होतं का, असं मी मुलांना विचारलं. विचारलं होतं, त्यांनी होकारही दिला होता. पण तयार व्हिडिओ त्यांनी अजून पाहिलेला नाही. परवानगीचा हाच प्रश्न गाण्याबाबतही येतो. म्हणून परिषदेच्या उद्याच्या ठरावात दोन कलमं घालावीत, अशी माझी विनंती आहे. गाणं लिहिणाऱ्याची आणि गाणाऱ्याची लेखी परवानगी व ठळक श्रेयोल्लेख असल्याशिवाय कामाला गुण देऊ नयेत. आणि जिथे चित्रण झालं त्या गल्लीत संस्थेने आपला हेडसेट एक दिवस न्यावा आणि तिथल्या माणसांना काम दाखवावं. परीक्षकांनी काम बघायचं ते त्यानंतर.