पोलिसाची फाईल आणि जनतेचा हक्क

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)

कॉम्रेड्स,

गेल्या वर्गात एका ज्येष्ठ साथींनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही. ते म्हणाले, "मालकाच्या गुप्त शेऱ्यांविरुद्ध, काळ्या याद्यांविरुद्ध आपण जन्मभर लढलो. मग पोलिसाच्या नोकरीची फाईल चव्हाट्यावर आणा, असे आपण कोणत्या तोंडाने म्हणायचे? तोही पगारी नोकरच ना?"

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील पोलीस संघटनाही हेच म्हणत आल्या. तेथे 1976 साली नागरी हक्क कायद्यात (नाव पाहा!) 50-अ हे कलम घालण्यात आले. पोलिसाच्या लेखी संमतीवाचून किंवा न्यायालयाच्या हुकुमावाचून त्याच्या कामगिरीची कागदपत्रे कोणालाही पाहता येत नसत. उलटतपासणीत वकिलांनी सिद्ध न झालेल्या तक्रारी उकरून पोलिसाला छळू नये, एवढाच हेतू सांगितला गेला होता. परंतु कुंपण वाढतच गेले. न्यूयॉर्क शहराच्या पोलीस मुख्यालयात शिस्तभंगाच्या कारवाईचा जो गोषवारा वार्ताहरांसाठी वर्षानुवर्षे ठेवला जाई, तोही 2016 साली याच कलमाकडे बोट दाखवून बंद करण्यात आला.

त्याच शहरात 17 जुलै 2014 रोजी सुट्या सिगारेटी विकल्याच्या संशयावरून एरिक गार्नर या कृष्णवर्णीय नागरिकाला पोलिसांनी धरले. गळ्याला हाताचा विळखा पडला. "मला श्वास घेता येत नाही" असे अकरा वेळा सांगून तो मेला. विळखा घालणाऱ्या पोलिसाविरुद्ध पूर्वी कोणत्या तक्रारी होत्या, हे सांगण्यास शहराने नकार दिला. 2017 मध्ये कोणीतरी गुपचूप कागद बाहेर पोचवले, तेव्हा कळले की काही आरोप आधीच ग्राह्य ठरले होते. मे 2020 मध्ये मिनियापोलिस येथे जॉर्ज फ्लॉइडचा खून झाला, जनता रस्त्यावर उतरली आणि जूनमध्ये कलम 50-अ रद्द झाले. घरचा पत्ता, दूरध्वनी, आजारपणाची माहिती झाकण्याची तरतूद मात्र ठेवण्यात आली, आणि ते योग्यच आहे.

मी भाषांतराचे काम करते, म्हणून शब्दांपाशी अडते. 'खासगी' आणि 'गोपनीय' हे एकच नव्हेत. पोलिसाचा आजार खासगी आहे. कोठडीत त्याने उगारलेली काठी खासगी कशी? कामगाराची फाईल हे मालकाच्या हातातले हत्यार असते. पोलिसाची फाईल ही त्याने जनतेवर चालवलेल्या सत्तेची नोंद असते. सिद्ध न झालेल्या तक्रारींचा प्रश्न अवघड आहे, हे मान्य करते. खोट्या तक्रारी होतात; वरिष्ठांना वाचवण्यासाठी शिपायाचा बळीही दिला जातो. परंतु चौकशी करणारे त्याच खात्याचे असतील, तर 'सिद्ध झाले नाही' या शेऱ्याची किंमत काय?

आपल्याकडे 2005 च्या माहिती अधिकार कायद्यातील कलम 8(1)(जे) वैयक्तिक माहितीला संरक्षण देई. पण व्यापक जनहित असल्यास ती द्यावी, असेही तेथेच लिहिले होते. 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारी नोकराला मिळालेली ज्ञापने व शिक्षा ही मुख्यतः नोकर आणि मालक यांच्यातील बाब ठरवली. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने कलमातील ती सोयच काढून टाकली. नोव्हेंबर 2025 मध्ये हा बदल अमलात आला. उरले आहे ते कलम 8(2), ज्यात जनहित वरचढ असल्यास माहिती देता येते.

तेव्हा साथींनो, अर्ज लिहिताना संपूर्ण फाईल मागू नका. चौकशीचा अंतिम आदेश व त्याची कारणे मागा, तक्रारदार आणि साक्षीदारांची नावे झाकून द्या असे स्वतःच लिहा, आणि कलम 8(2) चा उल्लेख विसरू नका.