‘ढ’ कोणाला म्हणावें?

अभ्यासांत मागें पडणाऱ्या मुलाला ‘ढ’ म्हणण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. वर्णमालेंत इतकीं अक्षरें असतां नेमकें हेंच कां निवडलें गेलें, याचें एक मार्मिक कारण सांगतात. अशोकाच्या काळच्या ब्राह्मी लिपींतील अक्षरें निरनिराळीं वळणें घेत आजच्या देवनागरीपर्यंत आलीं. त्यांतील बहुतेकांचें मूळ रूप आज ओळखूंहि येत नाहीं. ‘ढ’ मात्र जवळजवळ होता तसाच राहिला. दोन हजारांहून अधिक वर्षें गेलीं, तरी त्यानें कांहीं घेतलें नाहीं, कांहीं टाकलें नाहीं. हें कारण खरें धरलें, तर ‘ढ’ याचा अर्थ ‘ज्याला येत नाहीं तो’ असा न राहतां ‘जो बदलत नाहीं तो’ असा होतो. आणि मग पुष्कळ हुशार माणसेंहि या पदवीला पात्र ठरतात.

दोन भावांचें कोणतेंहि घर घ्यावें. थोरला उपजत हुशार व धाकटा ‘ढ’, असा निवाडा चौथ्या-पांचव्या इयत्तेंतच होऊन जातो व तो पाहुण्यांसमोर बोलूनहि दाखविला जातो. धाकट्याचें नुकसान उघड आहे. तो प्रयत्न सोडतो. थोरल्याचें नुकसान मात्र कोणाच्या लक्षांत येत नाहीं. हुशारी हें त्याचें भांडवल. प्रत्येक परीक्षेंत तें बुडण्याची त्याला धास्ती. म्हणून तो अवघड उदाहरणाला हात घालीत नाहीं, न समजलेलें विचारीत नाहीं. आणि पुढें कॉलेजांत पहिल्यानें अपयश आलें, म्हणजे गुणपत्रिका वडिलांपासून लपवितो. दोघां भावांच्या मनांत त्या वयांत जी अढी पडते, ती कित्येकदां वाटणीच्या कागदावर सह्या होईपर्यंत टिकते.

अमेरिकेंत क्लॉडिया म्यूलर व कॅरल ड्वेक या दोन विदुषींनीं या विषयावर केलेले प्रयोग १९९८ सालीं प्रसिद्ध झाले. दहा-बारा वर्षांच्या मुलांना प्रथम बेताचीं कोडीं घातलीं. तीं सुटल्यावर कांहीं मुलांच्या बुद्धीची स्तुति केली, तर कांहींच्या मेहनतीची. मग सर्वांना मुद्दाम कठीण कोडीं दिलीं व शेवटीं पुन्हां पहिल्यासारखीं सोपीं. बुद्धीची स्तुति ऐकलेलीं मुलें कठीण कोड्यांनीं खचलीं. शेवटचीं सोपीं कोडींहि त्यांना पूर्वीइतकीं साधलीं नाहींत. मेहनतीची स्तुति ऐकलेलीं मुलें पूर्वीपेक्षां पुढें गेलीं. दुसऱ्यांना आपले गुण कळवितांना ते वाढवून सांगणारीं मुलें पहिल्या गटांत अधिक निघालीं. स्तुतीच्या एका वाक्यानें चांगलीं मुलें खोटें बोलूं लागावींत, हें आईबापांनीं विचार करण्यासारखें आहे.

बुद्धि मोजण्याची पहिली पद्धतशीर कसोटी १९०५ सालीं पॅरिसमध्यें आल्फ्रेड बिने यानें सिमों या सहकाऱ्याच्या मदतीनें तयार केली. कोणत्या मुलांना जादा मदत हवी, हें ओळखणें एवढाच तिचा हेतु होता. बुद्धि जन्मतः ठरलेली व न वाढणारी असते, या मताचा त्यानें पुढें स्पष्ट निषेधहि केला. पण मोजपट्टी हातीं आली, म्हणजे तिचा शिक्का होण्यास वेळ लागत नाहीं.

या बाबतींत न्यायमूर्ति रानडे यांची एक हकीकत ऐकण्यासारखी आहे. १८८६ सालीं ते सरकारी फायनान्स कमिटीचे सभासद झाले. त्या कामानिमित्त कलकत्त्यास मुक्काम असतां, चव्वेचाळिशी गाठलेल्या या विद्वान् अधिकाऱ्यानें बंगाली शिकावयास घेतलें. आणि हजामत चालू असतां ते हातांतील पुस्तकांतले अडलेले शब्द त्या न्हाव्यालाच विचारूं लागले. रमाबाईंना हंसूं आवरेना. तेव्हां दत्तात्रेयांनीं तर चोवीस गुरु केले होते, याची त्यांनीं पत्नीला आठवण करून दिली. रमाबाईंनींच ही गोष्ट १९१० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत नमूद केली आहे. पुढें पतीपासून त्याहि बंगाली शिकल्या.

त्या संसाराचा आरंभ कांहीं आदर्श नव्हता. १८७३ सालीं, स्वतः विधवाविवाहाचे पुरस्कर्ते असूनहि, रानडे वडिलांच्या आग्रहापुढें नमले व एका अकरा वर्षांच्या मुलीशीं त्यांचा विवाह झाला. मुलीला अक्षरओळखहि नव्हती. ‘ही अशीच राहावयाची’ असें पतीनें म्हटलें असतें, तर त्या काळीं कोणी नांवें ठेवलीं नसतीं. त्यांनीं धुळाक्षरांपासून शिकविण्यास आरंभ केला. घरांतल्या वडीलधाऱ्या बायकांना हें खपेना. रमाबाई इंग्रजी शिकूं लागल्या, तेव्हां टोमण्यांना ऊत आला. त्यांनीं तें सोसलें व अभ्यास सोडला नाहीं. १९०९ सालीं पुण्यास सेवासदन उभें करण्यांत त्या अग्रभागीं होत्या.

‘स्वभावाला औषध नाहीं’ ही म्हण घरोघरीं ऐकूं येते. नवरा ती बायकोविषयीं वापरतो, सासू सुनेविषयीं, आणि रागीट माणूस स्वतःच्या समर्थनार्थ. दुसऱ्याचा स्वभाव कायमचा ठरवून टाकला, म्हणजे त्याच्याशीं बोलण्याचें कारणच उरत नाहीं. आणि स्वतःचा ठरवून टाकला, म्हणजे क्षमा मागण्याचें.

अर्थात् ‘मनांत आणशील तें होशील’ असा मंत्र पुटपुटून गणित सुटत नाहीं. अमेरिकेंत नववीच्या बारा हजारांहून अधिक मुलांवर केलेल्या एका चांचणीचे निष्कर्ष २०१९ सालीं प्रसिद्ध झाले. बुद्धि वाढूं शकते हें समजावून दिल्यावर मागें पडलेल्या मुलांचे गुण सुधारले, पण थोडेच. आणि तेहि विशेषेंकरून जेथें आजूबाजूचीं मुलें अशा प्रयत्नाला साथ देणारीं होतीं तेथें. विचाराला चांगल्या शिकवणीची, सवडीची व धीराची जोड लागतेच.

घरीं करण्यासारखी गोष्ट साधी आहे. मुलानें उत्तरपत्रिका आणून दाखविली, म्हणजे आंकड्यावर बोट ठेवण्यापूर्वीं, गाडें कोठें अडलें तें त्याच्या शेजारीं बसून पाहावें. ‘मला येत नाहीं’ असें तो म्हणाला, तर त्या वाक्यांत ‘अजून’ हा एक शब्द घालावयास त्याला शिकवावें. आणि आपल्या धाकट्या भावाविषयीं, सुनेविषयीं किंवा स्वतःविषयीं बोलतांना वडील माणसांनींहि तो वापरून पाहावा. ज्या घरांत तो शब्द रुळला, त्या घरांत ‘ढ’ हें अक्षर वर्णमालेपुरतेंच राहील.