गोतसभेचा वारसा आणि आजची ग्रामसभा

(कापूरहोळ येथे शिक्षक व पंचायत सदस्यांसमोर केलेल्या भाषणातून)



आपल्या भोर तालुक्यातील रांझे गावाचे नाव न्यायाच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले आहे. १६४६ साली शिवरायांनी तेथील पाटलास स्त्रीशी केलेल्या दुर्वर्तनाबद्दल हातपाय तोडण्याची शिक्षा दिली. ती शिक्षा आज कोणी मान्य करणार नाही. परंतु अधिकारी पुरुषही न्यायास उत्तरदायी असतो, हे तत्त्व जुने झालेले नाही. परंपरेकडे पाहताना हाच विवेक बाळगला पाहिजे.

त्या काळी वतनाचे व हद्दीचे तंटे बहुधा गोतसभेपुढे चालत. पाटील, कुलकर्णी व बलुतेदार तेथे एकत्र बसत. निवाडा मान्य करू, असा ‘राजीनामा’ दोन्ही पक्ष आधी लिहून देत. मग त्यांच्या तकरिरी, कागदपत्रे आणि साक्षी तपासून महजर होई. त्यावर पाटील नांगराची निशाणी करी, बलुतेदार आपापल्या हत्यारांची. हरणारा ‘यजितखत’ लिहून देऊन निकाल स्वीकारी. लेखी संमती व उघड सुनावणी हे या पद्धतीचे खरे बळ होते.

हे आज आपल्याला ठाऊक आहे, ते संशोधकांच्या परिश्रमांमुळे. १९१० साली पुण्यात स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने असे कागद जमवून प्रसिद्ध केले. डॉ. वि. त्रिं. गुणे यांचा मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील ग्रंथ डेक्कन कॉलेजने १९५३ साली प्रकाशित केला.

या व्यवस्थेत दोषही होते. तापल्या तेलात हात घालावयास लावणारे दिव्य आणि जातीची उतरंड यांना आता स्थान नाही. सामाजिक बहिष्कार तर महाराष्ट्राच्या २०१६ च्या कायद्याने गुन्हा ठरला आहे.

मात्र २००७ साली सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेने दाखविल्याप्रमाणे, आपसांत मिटण्याजोगे तंटे गावातच मिटू शकतात. केवळ तोंडी झालेली तडजोड पुढच्या पेरणीस मोडते. दोन्ही पक्षांनी समजून-उमजून सही केलेला कागद बांधाचे रक्षण करतो.

म्हणून शिक्षकांनी मोडी शिकावी, विद्यार्थ्यांना महजर वाचून दाखवावेत. घरोघरी पेटीत पडलेले जुने कागद वाळवीच्या स्वाधीन न करता अभ्यासकांना दाखवावेत. पंचायत सदस्यांनी तडजोडीची नोंद ठेवावी आणि त्या बैठकीत स्त्रियांना व दुर्बलांना बरोबरीने बोलू द्यावे. पूर्वजांच्या पद्धतीतील न्याय्य अंश संविधानाच्या चौकटीत जिवंत ठेवण्याचा हाच मार्ग होय.