परिचर्येची पायरीवाट
(महाजन कुटुंबांच्या मेळाव्यातील व्याख्यान)



देवळाच्या व्यवहारात ‘सेवा’ हा शब्द मानाचा आहे. उत्सवातील कोणती सेवा कोणत्या घराण्याकडे, याची नोंद पिढ्यान्‌पिढ्या जपली जाते आणि त्या मानासाठी प्रसंगी वादही होतात. परंतु घरातील मुलीने अथवा मुलाने बारावीनंतर रुग्णसेवेची वाट धरायचे ठरविले, की त्याच शब्दाची किंमत एकाएकी उतरते. ‘डॉक्टर होता आले नाही, म्हणून नर्स’ असा शेरा घरचीच माणसे मारतात. हा शेरा किती अपुऱ्या माहितीवर आधारलेला आहे, हे पाहणे अगत्याचे आहे.

हा संकोच जुना आहे. १९०९ साली पुण्यात रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली सेवासदन उभे राहिले आणि पुढे तेथे परिचारिकांच्या शिक्षणाचीही सोय झाली. पांढरपेशा घरांतील स्त्रियांनी, त्यातही विधवांनी, परक्या रुग्णांची शुश्रूषा करावी, ही कल्पना त्या काळच्या समाजाला सहज पचली नाही. तरीही त्या स्त्रिया शिकल्या आणि स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या.

आज या व्यवसायाला निश्चित पायऱ्या आहेत, आणि पहिली पायरी विचारपूर्वक निवडली तर पुढची चढण सोपी होते. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय घेणाऱ्यास चार वर्षांच्या बी. एस्सी. नर्सिंगचा मार्ग खुला असतो. गोव्यात बांबोळी येथील शासकीय परिचर्या शिक्षण संस्थेत हे शिक्षण मिळते. ‘जी. एन. एम.’ ही तीन वर्षांची पदविका आहे. ती घेतलेल्यांना पुढे दोन वर्षांचा ‘पोस्ट बेसिक’ अभ्यासक्रम करून पदवीपर्यंत पोहोचता येते. म्हणजे पदविकेची वाट बंद नाही. ती वळसा घेऊन जाते इतकेच. दोन्ही वाटांनी आलेल्यांना राज्याच्या परिचर्या परिषदेत नोंदणी करावी लागते. नोंदणीवाचून पुढचे काहीच चालत नाही.

यानंतरची एक पायरी अनेक पालकांच्या कानांवरही आलेली नसते. ती म्हणजे ‘नर्स प्रॅक्टिशनर’. १९६५ साली अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड ही परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी या शिक्षणाचा पाया घातला. जेथे मुलांना डॉक्टर सहजी मिळत नाही, तेथे अधिक शिकलेल्या परिचारिकेने तपासणी करावी, आजार ओळखावा आणि उपचारांची दिशा ठरवावी, हा त्यामागील विचार. आज अमेरिकेतील अनेक राज्यांत अशा परिचारिकांना डॉक्टरच्या देखरेखीवाचून रुग्ण पाहण्याचा व औषधे लिहून देण्याचा अधिकार आहे. काही राज्यांत त्यावर मर्यादा आहेत.

भारतात भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला. त्यासाठी बी. एस्सी. पदवी, नोंदणी आणि प्रत्यक्ष रुग्णसेवेचा किमान एक वर्षाचा अनुभव लागतो. अभ्यासाचा सुमारे २० टक्के भाग पुस्तकी आणि उरलेला ८० टक्के प्रत्यक्ष कामाचा, अशी त्याची रचना आहे. २०१८ साली केंद्र शासनाने प्रसूतिसेवेसाठीही मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि नोंदणीकृत परिचारिकांकरिता १८ महिन्यांचे विशेष प्रशिक्षण सुचविले. २०२३ साली संसदेने या व्यवसायासाठी राष्ट्रीय आयोगाचा स्वतंत्र कायदाही संमत केला.

मात्र पालकांनी येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अमेरिकेतील स्वातंत्र्य आणि आपल्याकडील अधिकार एक नव्हेत. येथे अतिदक्षतेतील नर्स प्रॅक्टिशनरने औषधयोजना करायची ती रुग्णालयाने ठरवून दिलेल्या नियमांच्या चौकटीत. केवळ पदवी हाती पडली म्हणून त्या नावाचे पद सर्वत्र वाट पाहत असेल, असे मानू नये. प्रवेश घेण्यापूर्वी संस्थेला मान्यता आहे का, तिच्याजवळ स्वतःचे मोठे रुग्णालय आहे का, आणि तेथून शिकून गेलेले आज कोणत्या पदावर काम करीत आहेत, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळवावीत. परदेशाचा विचार असेल तर त्या देशाची नोंदणी परीक्षा आणि भाषेची अट पहिल्या वर्षापासूनच नजरेसमोर असावी.

पदवीनंतर लगेच पुढच्या प्रवेशाची घाई करण्यापेक्षा दोन-तीन वर्षे वॉर्डात काम करणे हिताचे. रुग्णाचा श्वास, रंग आणि बोलणे यांतील सूक्ष्म बदल ओळखण्याची नजर तेथेच येते. आणि अतिदक्षता, प्रसूती की समाज-आरोग्य, आपला ओढा कोठे आहे, हेही तेथेच कळते. रात्रपाळ्या, उभ्याने जाणारे तास आणि पुष्कळ खाजगी रुग्णालयांतील तुटपुंजे वेतन, हे सारे मुलांपासून लपवू नये. माहीत असलेला कष्ट पेलता येतो; फसवणूक झाल्याची भावना मात्र पेलवत नाही.

शेवटी महाजन मंडळींसाठी एक विनंती. वैद्यक आणि अभियांत्रिकी शिकणाऱ्यांचा सत्कार देवळाच्या मंडपात होतो, त्यांना साहाय्यही मिळते. त्याच यादीत, त्याच रांगेत, परिचर्या शिकणाऱ्या मुलीचे आणि मुलाचे नाव वाचले जावे. श्रींच्या चरणी सेवा रुजू करताना जो मान आपण मागतो, तोच मान रुग्णाच्या उशाशी जागणाऱ्या आपल्या लेकरांना देण्याची बुद्धी श्रींनी सर्वांस द्यावी, हीच प्रार्थना.