सर्व्हरची भूक, नवाहोंची माती

मी गोदीतला माणूस. माल उचलताना आम्ही विचारतो, आला कुठनं? आणि सांडला तर कुणाच्या अंगावर? विजेलाही हेच विचारू.

पेनसिल्व्हेनियात थ्री माइल आयलंडची एक नंबरची अणुभट्टी परवडत नाही म्हणून २०१९ ला बंद केली होती. सप्टेंबर २०२४ मध्ये करार जाहीर झाला. ती पुन्हा पेटवायची आणि ८३५ मेगावॉट वीज वीस वर्षं मायक्रोसॉफ्टनं घ्यायची, डेटा सेंटरांसाठी. संगणकांची गोदामंच ती. त्यांना तिसरी पाळीही थांबवता येत नाही, आणि सूर्य तर रात्री ड्यूटीवर नसतो. गूगल, ॲमेझॉनही याच रांगेत.

भट्टीचं नावही बदललं. क्रेन क्लीन एनर्जी सेंटर. क्लीन! हा शब्द ऐकला की मी आधी बघतो, झाडू कुणाच्या हातात दिलाय.

जुनं नाव बदनाम होतं. शेजारच्या दोन नंबरच्या भट्टीचा गाभा २८ मार्च १९७९ ला निम्मा वितळला, जगभर बोंब झाली. त्याच सालात १६ जुलैला न्यू मेक्सिकोत, चर्च रॉकला, युरेनियम गिरणीचा बांध फुटला. हजार टनांवर किरणोत्सारी गाळ आणि नऊ कोटी गॅलनहून जास्त पाणी पुएर्को नदीत गेलं. तिच्यावर नवाहो आदिवासींची मेंढरं पाणी प्यायची. हे तुमच्यातल्या किती जणांनी ऐकलंय? हात वर करा.

बघा.

नवाहोंच्या जमिनीतून १९४४ ते १९८६ जवळपास तीन कोटी टन खनिज उपसलं. खाणीत उतरले त्यांचेच बापभाऊ. आत धड हवा नाही, धोका कुणी सांगितला नाही. फुप्फुसाच्या कॅन्सरनं माणसं गेली. पाचशेवर खाणी तशाच टाकून धनी पसार.

कुणी म्हणेल, कोळसा काय कमी मारतो? मारतो, मान्य. पण म्हणून यांना 'स्वच्छ' म्हणायचं?

२००५ ला नवाहोंनी आपल्या जमिनीवर युरेनियमची खाण नको असा कायदाच केला. तरी ३० जुलै २०२४ ला ग्रँड कॅन्यनजवळच्या खाणीचे ट्रक न सांगता त्यांच्या हद्दीतून गेले. त्यांचे अध्यक्ष बू नायग्रेन यांनी पोलीस धाडले, तोवर ट्रक पार झाले होते.

तेच खनिज त्याच भट्टीत जाणार असं मी म्हणत नाही. पण गिऱ्हाईक मोठं आलं की खाणवाल्याची झोप उडते, हे मला गोदीत कळतं.

ट्रक चालले होते यूटातल्या व्हाइट मेसाच्या गिरणीकडं. तिच्या शेजारी वस्ती आहे. यूट आदिवासींची.