मोजणीची नवी रीत, जुनी सवय

ब्लॅकजॅक अथवा एकवीस हा पत्त्यांचा डाव दिसावयास अगदी साधा आहे. हाती आलेल्या पत्त्यांची बेरीज एकवीसच्या जितकी जवळ नेता येईल तितकी न्यावयाची, पण एकवीस ओलांडावयाचे नाही. आणि सामना इतर खेळाडूंशी नव्हे, तर जुगारगृहाच्या वतीने पत्ते वाटणाऱ्या माणसाशी. पणजीसमोर मांडवीच्या पात्रात उभ्या असलेल्या जहाजांवरही हा डाव मांडला जातो. त्याचे शास्त्र मात्र घडले अमेरिकेत, आणि ते घडविणाऱ्यांत जुगाऱ्यांइतकाच गणितज्ञांचा वाटा होता.

फाशांच्या खेळात मागचे दान पुढच्या दानाला ठाऊक नसते. पत्त्यांचे तसे नाही. एकदा पडलेला एक्का पत्ते पुन्हा पिसेपर्यंत परत येत नाही. म्हणून उरलेल्या पत्त्यांत दश्श्या, चित्रे आणि एक्के अधिक असले की खेळाडूचे पारडे जड होते. छोटे पत्ते अधिक असले की जुगारगृहाचे. एडवर्ड थॉर्प या गणिताच्या अध्यापकाने आय.बी.एम. ७०४ या संगणकयंत्रावर हा हिशेब केला आणि १९६१ साली तो विद्वानांपुढे मांडला. १९६२ च्या त्याच्या ‘बीट द डीलर’ या पुस्तकातील दहांची मोजणी फार गाजली. एका जोडात दहा किमतीचे पत्ते १६ आणि इतर ३६. पडणाऱ्या प्रत्येक पत्त्याबरोबर यांपैकी एक आकडा कमी करीत जावयाचे व दुसऱ्याला पहिल्याने भागावयाचे. आरंभी २.२५ असलेला भागाकार २ च्या खाली उतरला की पैज वाढवावयाची. नेव्हाडात दुसऱ्यांनी पुरविलेले १०,००० डॉलर घेऊन थॉर्पने या पद्धतीची परीक्षा पाहिली आणि रक्कम दुपटीहून अधिक करून दाखविली.

इतकी फळलेली पद्धत बदलावयाचे कारण काय? कारण एकच, डोक्याला होणारा शीण. दोन आकडे उलटे मोजीत जाणे आणि मध्येच भागाकार करणे घरी जमते, टेबलावर जमत नाही. त्यातच जुगारगृहांनी एकाऐवजी चार-चार जोड एकत्र पिसावयास आरंभ केला. म्हणजे आरंभीचे आकडे १४४ आणि ६४! १९६३ साली हार्वे डबनर याने सुटसुटीत तोड सुचविली. दुर्रीपासून छक्कीपर्यंत प्रत्येक पत्त्याला अधिक एक, दश्शी, चित्रे व एक्के यांना उणे एक, आणि सत्ती, अठ्ठी, नव्वी यांना शून्य. किराणा दुकानातील जमाखर्च ज्याला कळतो त्याला ही हाय-लो मोजणी कळते. आय.बी.एम.मधील ज्युलियन ब्रॉनने तिचे आकडे बारकाईने तपासले, आणि १९६६ च्या दुसऱ्या आवृत्तीत थॉर्पने आपल्या अपत्याच्या पंगतीस दुसऱ्याची ही कल्पना मानाने बसविली. ग्रंथकारांत असा मोकळेपणा नेहमी आढळत नाही.

यानंतरचे वळण उलटे होते. १९७० नंतरच्या दशकात अधिक काटेकोर, अर्थात अधिक अवघड पद्धती आल्या. हाय-ऑप्टच्या पहिल्या पद्धतीत दुर्री व एक्का दोघांनाही शून्य. केन अस्टनच्या प्रगत पद्धतीत तर पंजीला अधिक तीन आणि दश्शीला उणे तीन! एक्का वगळण्यामागे विचार होता. पहिल्याच दोन पत्त्यांत एक्का व दश्शी आली तर दीडपट मिळते. म्हणून पैज ठरविताना एक्का मोठा. पण पुढे पत्ता घ्यावा की थांबावे हे ठरविताना तोच एक्का कधी एक, कधी अकरा. त्याला मोठ्यांत बसविले की हिशेब बिघडतो. पीटर ग्रिफिन या गणितज्ञाने १९७९ च्या आपल्या ग्रंथात ही दोन्ही कामे वेगळी मोजली. परिपूर्ण पद्धतीला १ मानले, तर पैजेच्या कामी हाय-लोचे गुण ०.९७ आणि हाय-ऑप्टचे ०.८८, खेळण्याच्या कामी मात्र ०.५१ आणि ०.६१.

हे आकडे पाहून अनेकांनी पद्धत बदलली. त्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी होती. एका जोडाच्या खेळात खेळण्याचे कौशल्य मोलाचे असते. सहा किंवा आठ जोडांच्या खेळात बहुतेक कमाई पैजेतून होते, आणि तेथे जुनी हाय-लोच सरस. शिवाय उत्तम मोजणाऱ्याचा फायदाही शंभर डॉलरांच्या पैजेमागे साधारण एक-दीड डॉलर. त्यातील फरकाचे पैसे मिळविण्यासाठी लोक महिनोन्‌महिने घोकंपट्टी करतात. आणि एक्का-दश्शीला दीडपटीऐवजी पाचास सहाच देणाऱ्या टेबलावर निर्धास्त बसतात, जेथे शंभरामागे सव्वा डॉलरहून अधिक रक्कम आधीच गेलेली असते!

सर्वांत फसवा बदल म्हणजे सोपा दिसणारा बदल. ओलाफ वॅनकुरा व केन फुक्स यांची १९९८ च्या पुस्तकातील नॉक-आउट पद्धत हाय-लोपेक्षा एकाच पत्त्यात निराळी आहे: सत्तीलाही अधिक एक. तेवढ्याने भागाकार टळतो. पण जुने आकडे नव्या अर्थाने डोक्यात उभे राहतात. वाटणाऱ्याचा उघडा पत्ता एक्का असेल तर ‘विमा’ नावाची जोडपैज लावता येते. तिच्यासाठी दोन्ही पद्धतींत पाठ करावयाचा आकडा तीनच. परंतु हाय-लोत तो उरलेल्या प्रत्येक जोडामागे असतो. तीन जोड उरले असतील तर चालू बेरीज नऊ हवी. नॉक-आउटमध्ये चालू बेरीज तीन झाली की पुरे, मग जोड कितीही उरोत. तीन ओळखीचा म्हणून हात पुढे जातो, आणि कोणता तीन हे आठवेपर्यंत वाटणाऱ्याने पत्ता उलटलेला असतो.

यासाठी जाणते खेळाडू नवी पद्धत टेबलावर नेण्याआधी घरी एक जोड घेऊन बसतात. शून्यापासून आरंभ करून बावन्न पत्ते झरझर मोजावयाचे. हाय-लोने मोजले तर शेवटी शून्य यावयास हवे, नॉक-आउटने चार. चाराऐवजी तीन आले, तर बहुधा कोठेतरी एक सत्ती जुन्या सवयीने शून्य म्हणून गेलेली असते. पत्ते पुन्हा पिसले जातात.